पाण्यावरचं यजमानपण

पाँटून बोटीला वेगाचा सोस नसतो. अॅल्युमिनियमच्या दोन लांबलचक, दोन्ही तोंडं बंद केलेल्या नळ्या, त्यांच्यावर आडव्या तुळया, तुळयांवर प्लायवुडचा सपाट डेक, चहूबाजूंनी कठडा आणि पाठीमागे एक इंजिन, एवढाच तिचा पसारा. पाणी कापत जाणाऱ्या निमुळत्या बोटींशेजारी ती बसकी आणि चौकोनी दिसते. पण गुडघ्यांनी हात टेकलेली माणसं, कडेवर मूल घेतलेली आई, पाण्याचं नाव काढताच दोन पावलं मागे सरणारे पाहुणे, या सगळ्यांना पाण्यावर नेणारी बोट हीच. तिचा डेक धक्क्याच्या जवळजवळ समपातळीत असतो आणि पाय टाकला तरी ती एका अंगाला कलत नाही. फाटक उघडायचं आणि चालत आत जायचं. मिनेसोटातल्या तळ्यांवर उन्हाळ्यात आजी-आजोबांसकट अख्खी घरं दिसतात ती याच बोटींवर.

या बोटीचा जन्मही मिनेसोटातलाच. रिचमंड नावाच्या लहानशा गावातल्या अँब्रोज वीरेस या शेतकऱ्याने १९५२ मध्ये पोलादी पिंपं टोकाला टोक लावून जोडली, पिंपांच्या अशा दोन रांगांवर लाकडी माचा ठोकला आणि तो जवळच्या हॉर्सशू तळ्यात सोडला. पहिल्या बोटीचं नाव त्याने ‘द एम्प्रेस’ ठेवलं. पुढे त्याने बोटींचा कारखानाच काढला. पिंपांच्या जागी अॅल्युमिनियमच्या नळ्या आल्या, माच्यावर सोफे आले, इंजिनं मोठी झाली. मूळ कल्पना मात्र तीच राहिली: पाण्यावर न डगमगता दहा माणसं एकत्र बसू शकतील अशी जागा.

आम्ही अशी बोट घ्यायची ठरवली त्या उन्हाळ्यात माझी आई आमच्याकडे मिनेसोटाला आली होती. ती इंदापूर तालुक्यातली. तिचं माहेर भीमेकाठचं, उजनीच्या पाण्याखाली गेलेलं. भीमेत पोरं पाठीला वाळलेले भोपळे बांधून पोहायला शिकत, हे तिने लहानपणी रोज पाहिलं होतं. मुलींना मात्र कुणी शिकवलं नाही. बोट ट्रेलरवरून दारात आली तेव्हा बाकीचे सगळे वर चढून सोफ्यांवर बसून पाहत होते. आई तेवढी खाली थांबली. तिने वाकून नळीवर बोटांची टकटक केली, आतला पोकळ आवाज ऐकला आणि म्हणाली, “अगं, हे तर भोपळेच की. नुसते लांब केलेत.”

तिने नेमकं बोटीचं शास्त्र सांगितलं होतं. पंचवीस इंच व्यासाची, वीस फूट लांबीची एक नळी पूर्ण बुडवायची तर जवळजवळ दोन टन भार लागतो. दोन नळ्यांचे मिळून चार टन झाले. तरी बोट बांधताना असा हिशेब धरतात की माणसं, सामान, इंधन सगळं मिळूनही नळ्या साधारण निम्म्याच बुडाव्यात. वरचा कोरडा भाग लाटांसाठी आणि अचानक येणाऱ्या प्रसंगासाठी राखून ठेवलेला असतो. शिवाय नळीच्या आत आडभिंती घालून कप्पे केलेले असतात. एका कप्प्याला भोक पडलं तरी बाकीचे बोटीला तरंगती ठेवतात. हे सगळं मी आईला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, “आणि माणसाच्या पाठीला काय बांधणार?”

बोट सज्ज करण्याचा सगळा विचार तिच्या या प्रश्नापासून सुरू होतो, असं मला वाटतं. नवी बोट घरी येते तेव्हा तिच्यावर मऊ सोफे असतात, पेले ठेवायच्या खाचा असतात, गाणी लावायची सोय असते, डोक्यावर घडीचं कापडी छत असतं. नांगर नसतो. दोर, फेंडर, लाइफ जॅकेट, पाण्यात फेकायची उशी, प्रथमोपचाराची पेटी, यातलं बहुतेक काही नसतं. कारखाना बोट बनवतो. ती माणसांना नेण्याजोगी करायची जबाबदारी घेणाऱ्याची. दुकानात गेलं की हौसेच्या वस्तू आधी डोळ्यांत भरतात आणि पिशवी भरते तीही त्यांनीच. म्हणून आम्ही सामानाची यादी बाजूला ठेवली आणि वहीत आधी माणसं लिहिली. आई: पोहता येत नाही, गुडघे धरतात, दुपारची रक्तदाबाची गोळी, सारखं बाथरूमला जावं लागतं. नातू: चार वर्षांचा, क्षणभर एका जागी बसत नाही. लेक: पोहण्यात पटाईत. जावई: उन्हाने डोकं दुखतं. नवरा: सुकाणूवर. प्रत्येक नावापुढे त्या माणसाला काय लागेल ते लिहीत गेलो आणि त्यातूनच सामान ठरत गेलं.

पहिलं अर्थात लाइफ जॅकेट. मिनेसोटाचा कायदा सांगतो की बोटीवर प्रत्येक माणसासाठी त्याच्या मापाचं, तटरक्षक दलाने मान्य केलेलं जॅकेट हवं आणि ते हाताशी हवं. सोफ्याखालच्या खणात, दुकानाच्या प्लॅस्टिक पिशवीत गुंडाळून ठेवलेलं जॅकेट हाताशी आहे असं म्हणता येत नाही. दहा वर्षांच्या आतल्या मुलाने बोट चालू असताना ते घातलेलंच हवं. बोट सोळा फूट किंवा त्याहून लांब असेल तर पाण्यात पडलेल्याकडे फेकण्यासाठी एक तरंगती उशी किंवा कडंही हवं.

मुलांचं जॅकेट वयावर घेत नाहीत, वजनावर घेतात. तीस ते पन्नास पौंडांचं एक माप, पन्नास ते नव्वदचं दुसरं. आपल्याकडे मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे घेण्याची रीत आहे. दिवाळीचा शर्ट पुढच्या दिवाळीलाही यावा हा हिशेब संसारात शहाणपणाचाच. इथे तो मोडावा लागतो. दुकानात आम्ही नातवाला जॅकेट चढवलं, सगळे बंद आवळले, पायांमधून घ्यायचा पट्टा लावला आणि लेकीने जॅकेटचे दोन्ही खांदे धरून त्याला अलगद उचललं. पहिल्या जॅकेटमध्ये त्याची हनुवटी आत गेली आणि कान झाकले गेले. पाण्यातही नेमकं हेच होतं: जॅकेट वर तरंगतं आणि मूल त्यातून खाली सरकतं. दुसरं जॅकेट घातल्यावर उचललं तेव्हा तो त्याच्यासकट उचलला गेला आणि हनुवटी मोकळी राहिली. तेच घेतलं. पुढच्या वर्षी लहान होईल तेव्हा नवं घेऊ.

मोठ्यांच्या जॅकेटचं गणित ऐकून आई चकित झाली. पाण्यात माणसाचं बहुतेक वजन पाणीच पेलतं. डोकं वर राहायला प्रौढ माणसाला साधारण सात ते बारा पौंडांचा आधार पुरतो आणि नेहमीचं चांगलं जॅकेट किमान साडेपंधरा पौंडांचा देतं. तिच्यासाठी पुढून चेन असलेलं, बगलेत मोकळं असं निवडलं. ती साडी नेसते. पदर आधी कमरेला खोचून मग वर जॅकेट चढवलं तर पट्ट्यात काही अडकत नाही, हे घरी दोनदा घालून पाहिल्यावर कळलं. एक गोष्ट मात्र आम्ही सगळ्यांसाठी ठरवली. बोट सुटली की जॅकेट प्रत्येकाच्या अंगावर. एकट्या म्हाताऱ्या माणसाला घालायला लावलं तर त्याला आपण इतरांवरचं ओझं आहोत असं वाटू लागतं. सगळ्यांनी घातलं की तो घराचा रिवाज होतो आणि मग कुणाला काही सांगावं लागत नाही.

मे २०२४ मध्ये उजनीच्या जलाशयात कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण गेले, त्यांत लहान मुलं होती. आईला ती दोन्ही गावं ठाऊक, तो वाराही ठाऊक. ती बातमी तिने फोनवर मला सांगितली तेव्हाचा तिचा आवाज माझ्या कानांत अजून आहे. तेव्हापासून जॅकेट हा आमच्या घरी चर्चेचा विषय राहिलेला नाही. इथल्या तळ्यांना आणखी एक धोका आहे, गारठ्याचा. एप्रिलच्या मध्याला कधीतरी आमच्या मिनेटोन्का तळ्यावरचा बर्फ जातो. मे महिन्यात ऊन चांगलं पडतं, हवा सुखाची होते, पाणी मात्र हिवाळ्यातच असतं. अशा पाण्यात पडलेल्या माणसासाठी एक ढोबळ नियम सांगतात: श्वासावर ताबा मिळवायला एक मिनिट, हातपाय कामाचे राहतात ती दहा मिनिटं, शुद्ध हरपायच्या आधी साधारण एक तास. लेक उत्तम पोहते, पण त्या पहिल्या मिनिटात पोहणं कुणाच्याच कामी येत नाही. श्वास लागतो, तोंडात पाणी जातं. जॅकेटची गरज तिलाही तेवढीच आहे.

जॅकेटनंतर नांगर. पाँटूनच्या बाबतीत त्याला वेगळं महत्त्व आहे. ही बोट पाण्यात फार खोल जात नाही आणि पाण्यावर मात्र कठडे, सोफे, छत मिळून वाऱ्याला भरपूर अंग देते. छत उघडलेलं असलं की वारा त्याला शिडासारखा रेटतो. इंजिन बंद करून जेवायला बसावं आणि ताटं वाढेपर्यंत बोट दुसऱ्याच्या धक्क्याकडे सरकलेली असावी, असं सहज होतं. नांगर जड असला की झालं, असा समज असतो. खरं काम दोराच्या लांबीचं असतं. दोर आखूड असला तर बोट नांगराला वर उपटते. दोर लांब सोडला की ओढ आडवी बसते आणि नांगर तळात रुतत जातो. म्हणून पाण्याची खोली अधिक डेकची उंची, याच्या पाच ते सात पट दोर सोडतात. दहा फूट पाणी आणि दोन फूट डेक असेल तर साठ ते चौऱ्याऐंशी फूट. नांगर आणि दोर यांच्यामध्ये थोडी साखळी हवी. ती आपल्या वजनाने तळावर पडून राहते आणि ओढ आडवी ठेवते. नांगर नेहमी पुढून टाकायचा. मागून टाकला तर इंजिनाच्या बाजूने लाटा डेकवर चढतात.

नांगर धरला की सुटतोय हे ओळखायची युक्तीही शिकलो. काठावरच्या दोन खुणा एका रेषेत धरायच्या, पुढे एखादं झाड आणि त्याच्या मागे एखाद्या घराचं धुराडं. थोड्या वेळाने पाहावं. दोन्ही एकमेकांपासून दूर सरकली असतील तर बोट जागची हलली आहे. यंत्रात तळाची खोली दिसते, नकाशा दिसतो. तरी डोळ्यांनी पाहायच्या या खुणा मला फार विश्वासाच्या वाटतात, कारण त्या बोटीवरच्या कुणालाही पाहता येतात.

दोरांच्या बाबतीत आईने आम्हा सगळ्यांना मागे टाकलं. धक्क्यावर आणि बोटीवर दोन शिंगांच्या धातूच्या खुंट्या असतात, त्यांना क्लीट म्हणतात. दोर आधी खुंटीच्या बुडाशी पूर्ण वेढून घ्यायचा, मग शिंगांवरून तिरका आठाचा आकडा काढायचा आणि शेवटचा फेरा उलटा वळवून स्वतःखालीच अडकवायचा. ओढ कितीही बसली तरी सुटत नाही आणि सोडायचा म्हटलं की एका हाताने सुटतो. जावई मोबाइलवर चित्रं पाहत होता. आईने एकदा नीट पाहिलं, दोर हातात घेतला आणि बांधून मोकळी झाली. गुराचं दावं बांधण्यात तिचं बालपण गेलं आहे. किती ओढ बसली की गाठ आवळायची आणि कुठे ढिली सोडायची, हे तिच्या हातांना आधीपासूनच माहीत होतं. धक्क्याला लागताना पुढचा दोर त्या दिवसापासून तिच्याकडे आहे.

बाकीचं सामान भराभर सांगता येईल. धक्क्याला घासून नळ्यांना पोचे पडू नयेत म्हणून दोन्ही अंगांना फेंडर. दूरचा दोर ओढून घ्यायला आकड्याची काठी. भोंगा, आणि भोंगा बंद पडला तर शिट्टी. अग्निशामक, त्यावर छापलेलं वर्ष पाहून, कारण पुन्हा न भरता येणारा अग्निशामक बारा वर्षांनंतर चालत नाही. सूर्यास्तानंतर लागतात ते दिवे: डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा, आणि सगळीकडून दिसेल असा पांढरा. इंजिनाची बॅटरी गाण्यांनी उतरू नये म्हणून दुसरी बॅटरी. बोटीच्या दोन्ही बाजूंना तीन इंच उंचीचे नोंदणी क्रमांक.

फाटकांविषयी मात्र थांबून बोललं पाहिजे. पाँटूनच्या पुढच्या फाटकाबाहेर डेकचा एक पट्टा असतो. बोट चालू असताना तिथे बसून पाण्यात पाय सोडायची मुलांना भारी हौस. तिथून पडलेलं मूल दोन नळ्यांच्या मधून सरळ मागे, इंजिनाच्या पंख्याच्या दिशेने जातं. बोट थांबवायला चालकाकडे दोन-तीन सेकंदही नसतात. इंजिन बंद होईपर्यंत एकही फाटक उघडायचं नाही, हा आमच्या बोटीवरचा पहिला नियम. दुसरा नियम शिडीचा. माणूस शिडीने पाण्यात उतरणार असेल किंवा वर चढणार असेल तर इंजिन नुसतं न्यूट्रलमध्ये ठेवून भागत नाही, ते पूर्ण बंद करायचं. पंख्याइतकीच भीती धुराची. इंजिनाच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. २०१५ मध्ये याच मिनेटोन्का तळ्यावर बंद केबिनच्या एका बोटीत सात वर्षांची मुलगी या वायूने गेली. त्यानंतर मिनेसोटाने बंद केबिनच्या बोटींवर हा वायू ओळखणारं यंत्र सक्तीचं केलं आणि तो कायदा त्या मुलीच्या नावाने ओळखला जातो. आमची बोट उघडी आहे, तिला यंत्राची सक्ती नाही. पण पावसात चारी बाजूंचे पडदे लावले की उघडी बोटही बंद खोली होते. तेव्हा इंजिन चालू असेल तर एक बाजू मोकळी ठेवतो.

आता ज्या वस्तूबद्दल कुणी बोलत नाही तिच्याबद्दल. पाण्यावर चार-पाच तास जायचं म्हटलं की आपल्या बायका सकाळपासून पाणी पिणं सोडतात. एसटीच्या प्रवासात, लग्नाच्या वऱ्हाडात, यात्रेत, सगळीकडे आई हेच करत आली. उन्हात, वाऱ्यात, रक्तदाबाची गोळी घेऊन, घसा कोरडा ठेवून ती हसतमुखाने बसून राहिली असती आणि कुणाला काही सांगितलं नसतं. तिच्या नावापुढे आम्ही पहिली वस्तू लिहिली ती झाकणबंद छोटा संडास आणि घडीचा पडद्याचा आडोसा. बोटीच्या मागच्या कोपऱ्यात तो बसतो. त्यातलं काहीही तळ्यात जात नाही, जाऊ द्यायचंही नाही; काठावर आणून रिकामा करायचा. त्याची किंमत स्पीकरपेक्षा कमी. पण पहिल्या फेरीत आईने बोटीवर दोन तांबे पाणी प्यायलं आणि दुपारी मजेत झोप काढली. सोय या गोष्टीला आपण फार हलकं समजतो. पुष्कळ माणसं पाण्याच्या भीतीने घरी राहत नाहीत, अशा लहान लहान अडचणींच्या संकोचाने राहतात.

खाण्याचं सामानही बोटीला धरून. कागदी ताटल्या वाऱ्याने उडतात आणि तळ्यात जातात, म्हणून स्टीलची ताटं. काच नाही, डेकवर सगळे अनवाणी असतात. चुरमुरे, शेव, उडेल असं काही नाही. मेथीचे ठेपले, दही-भात, काकडी, थर्मासमध्ये चहा. जूनमध्ये इथे रात्री नऊपर्यंत उजेड असतो, तेव्हा जेवणाची वेळ सूर्यावर सोडून चालत नाही. डासांसाठी मलम, उन्हासाठी टोप्या, जावयासाठी छताखालची जागा ठरलेली.

हे सगळं चढवताना भाराकडे लक्ष ठेवावं लागतं. सुकाणूजवळ एक पत्रा लावलेला असतो, त्यावर किती माणसं आणि किती वजन हे लिहिलेलं असतं. तो आकडा गाठायचा नसतो. बर्फाची मोठी पेटी आणि पाण्याचा वीस लिटरचा कॅन मिळून एका माणसाचं वजन होतं. वजन कुठे बसलं आहे हेही पाहायचं. काही पाहायला म्हणून सगळे एकदम पुढे धावले तर बोटीचं नाक खाली जातं आणि समोरून मोठी लाट आली तर ती थेट डेकवर येते. म्हणून जड सामान मधोमध, माणसं दोन्ही बाजूंना वाटलेली. प्रत्येक वस्तू चढवताना आम्ही विचारतो, ही कुणासाठी? उत्तरात नाव आलं नाही तर वस्तू घरी राहते.

आणि एक नाव आम्ही वहीत सगळ्यांत शेवटी लिहिलं, खरं तर ते पहिलं हवं: तळं. मिनेटोन्का सुमारे साडेचौदा हजार एकरांचं आहे. एक सलग तळं म्हणण्यापेक्षा खाड्यांची माळच. एका खाडीतून दुसऱ्या खाडीत अरुंद वाटांनी जायचं. त्याच्या पूर्वेकडून मिनेहाहा ओढा निघतो, मिनियापोलिस शहरातून धावत धबधबा होऊन कोसळतो आणि मिसिसिपीला मिळतो. म्हणजे या पाण्याशी आपण जे करू ते फार दूर जातं. यूरेशियन मिलफॉइल नावाची परकी पाणवनस्पती या तळ्यात १९८७ मध्ये सापडली, झेब्रा शिंपले २०१० मध्ये. नखाएवढे हे पट्टेरी शिंपले मिळेल त्या कठीण वस्तूला चिकटतात, तळ्यातलं सूक्ष्म अन्न गाळून खातात, पाइप बुजवतात आणि काठावर अनवाणी चालणाऱ्यांचे पाय कापतात. त्यांची पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत. बोटीत राहिलेल्या ओंजळभर पाण्यातून ती दुसऱ्या तळ्यात पोहोचू शकतात.

म्हणून मिनेसोटात बोट रस्त्यावर न्यायची तर पाण्याची बुचं काढूनच न्यावी लागते. तसा कायदा आहे. बोट वर काढली की उतारावरच्या मोकळ्या जागेत थांबायचं. ट्रेलरच्या चाकांत, दांड्यांत, पंख्यात अडकलेलं एकूण एक पान काढायचं. इंजिन खाली झुकवून त्यातलं पाणी निथळू द्यायचं. दुसऱ्या तळ्यात जायचं असेल तर बोट किमान पाच दिवस वाळवायची, नाहीतर १२० अंश फॅरनहाइटच्या पाण्याने धुवायची. आमच्या बोटीवर यासाठी एक वेगळी बादली आहे: बुचाचा पाना, लांब दांड्याचा ब्रश, स्पंज, जुनी फडकी. जॅकेटला आम्ही जो मान देतो तोच त्या बादलीला. एक माणसांसाठी आहे, दुसरी पाण्यासाठी.

बोट पाण्यात सोडायच्या दिवशी आईला तळ्याची ओटी भरायची होती. नदी ओलांडायची तर ओटी भरायची, हे तिचं जन्माचं वळण. पाण्यात काही सोडायचं नसतं, तांदळाचा दाणाही नाही, हे मी तिला सांगितलं. तिने थोडा वेळ विचार केला. मग ताटात खण, नारळ, तांदूळ मांडले, उतारावर उभं राहून ते पाण्याला दाखवले, हात जोडले आणि ताट तसंच घरी आणलं. त्या नारळाचा तिने नारळीभात केला. संध्याकाळी बोट बाहेर काढल्यावर फडकं घेऊन ट्रेलरच्या खालच्या दांड्या पुसायला वाकली तीही तीच. मी म्हटलं, “आई, तू राहू दे, आम्ही करतो.” ती म्हणाली, “पाण्यावरून आलोय ना? मग त्याचं त्याला देऊनच जायचं.”

एवढं सगळं झालं तरी मोठी गोष्ट उरतेच. बोट चालवणारा माणूसच पाण्यात पडला, किंवा त्याला भोवळ आली तर? सुकाणूवर बसणाऱ्याच्या अंगाला एक लाल दोरी अडकवतात. तो जागेवरून फेकला गेला की दोरी निसटते आणि इंजिन थांबतं. पण थांबलेल्या बोटीवर पुढे काय करायचं हे दुसऱ्या कुणाला तरी यायला हवं. बोट चालवण्याचा परवाना मिनेसोटाने १ जुलै २०२५ पासून आधी तरुणांसाठी लागू केला. टप्प्याटप्प्याने वयाची अट वाढत जाईल आणि २०२८ मध्ये १ जुलै १९८७ नंतर जन्मलेल्या सगळ्यांना तो लागेल. आम्हा दोघांच्या वयाला त्याची सक्ती नाही. तरी नवऱ्याने, मी आणि लेकीने, तिघांनीही त्याचा अभ्यासक्रम पुरा केला. सुकाणूशेजारी एक जाड पुठ्ठा लावला आहे, त्यावर मराठीत लिहिलं आहे: किल्ली कशी बंद करायची, उशी कशी फेकायची, ९११ ला कोणत्या शब्दांत सांगायचं. आपण कोणत्या खाडीत आहोत ते नाव दर वेळी बोट थांबली की पुसून नव्याने लिहितो.

कुणी पाण्यात पडलं तर करायच्या कामांत एक काम असं आहे की त्याला पोहता यावं लागत नाही, ताकद लागत नाही, इंग्रजी लागत नाही. पडलेल्या माणसावरची नजर काढायची नाही आणि हात सतत त्याच्या दिशेने रोखून धरायचा. लाटांमध्ये माणसाचं डोकं नारळाएवढंच दिसतं. बोट वळवताना चालकाची दिशा चुकते. सगळे धावपळ करत असतात. तेव्हा एक स्थिर हात सगळ्यांना वाट दाखवतो. हे काम आम्ही आईला दिलं. जुनी तरंगती टोपी पाण्यात टाकून आम्ही ते पुन्हा पुन्हा करून पाहतो. आई डाव्या हाताने कठडा धरते, उजवा हात लांब करते आणि बोट गोल फिरली तरी तो हात टोपीवरून ढळत नाही. नवरा मागे वळून तिच्या हाताकडे पाहतो आणि सुकाणू वळवतो.

या सगळ्या खटाटोपातून मला एक कळलं. पाहुण्याला बसायला मऊ आसन दिलं की यजमानाचं काम संपलं, असं घरात चालत असेल. पाण्यावर ते पुरत नाही. तिथे प्रत्येकाला आसन द्यावं लागतं, जॅकेट द्यावं लागतं, आणि एक कामही द्यावं लागतं. आई बोटीवर आली तेव्हा यादीतली सर्वांत जास्त काळजी तिची होती. आज पुढचा दोर तिच्याकडे आहे आणि संकटात पडणाऱ्यावरची नजरही तिचीच आहे. ज्या माणसासाठी आपण सगळ्यांत जास्त सामान जमवलं, त्याच्यावर बाकीच्यांना विसंबता यावं, इतपत तयारी झाली की मग बोट सोडावी.